जरीचा दोरा आणि सुईचे नेढे

म्हैसूर शहराच्या पश्चिमांगास, चामराजपुरम स्थानकाजवळचा लोहमार्ग ओलांडून कुक्करहळ्ळी तलावाच्या दिशेने जाऊ लागले म्हणजे क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या सरळ रस्त्यांची, भरपूर झाडांची आणि विद्यापीठाच्या शेजारामुळे विद्याव्यासंगी झालेली जी वस्ती लागते, ती सरस्वतीपुरम होय. आणि अस्सल म्हैसूर रेशमाच्या साड्या ज्या कारखान्यात विणल्या जातात, तो कर्नाटक रेशीम उद्योग महामंडळाचा मानंदवाडी रस्त्यावरील कारखाना ह्या वस्तीपासून फारसा दूर नाही. साडी एका ठिकाणी विणली जावी आणि तिच्यावरचे उरलेले संस्कार, म्हणजे फॉल, पिको, पदराचे गोंडे आणि काठाशी मेळ राखणारा ब्लाउज, थोड्याच अंतरावरच्या शिवणाच्या दुकानांत पार पडावेत, असा योग म्हैसूरइतका सहज फार थोड्या शहरांत जुळून येतो. ह्या शेजारामुळे एक प्रश्न येथे विशेष ठळकपणे दृष्टीस पडतो. जी जरी मागावर दिवसचे दिवस निमूटपणे विणली जाते, तीच, किंवा तिच्यासारखी दिसणारी तिची धाकटी बहीण, शिलाई यंत्राच्या सुईत ओवली की चार बोटे शिवण होते न होते तोच कुरतडली जाते, तिच्या अंगावरचे पिवळे कवच गोळा होऊन सुईपाशी बोळा साठतो, आणि शेवटी दोरा तुटतो. दसऱ्यापूर्वीच्या दिवसांत, जेव्हा ब्लाउजच्या बाह्यांवर आणि गळ्याभोवती साडीच्या काठासारखी नक्षी यंत्राने भरून देण्याची मागणी प्रत्येक शिवणाऱ्याकडे येते, तेव्हा हे तुटणे केवळ वैतागाचे न राहता वेळेच्या आणि पैशाच्या हिशेबात शिरते.

ह्या तुटण्याचा दोष कोणी यंत्रास देतो, कोणी दोऱ्याच्या जातीस, तर कोणी आपल्या हातास. माझ्या मते तिघेही निर्दोष आहेत. जरीचा दोरा हा दोऱ्याचा वेष घेतलेला धातू आहे आणि शिलाई यंत्र हे सुती दोऱ्याचा स्वभाव गृहीत धरून रचलेले उपकरण आहे, एवढी एक गोष्ट नीट ध्यानात घेतली तर प्रत्येक अडचणीचे कारण आणि बहुतेक अडचणींचा उपाय आपोआप समजू लागतो. म्हणून प्रथम जरीची घडण पाहू, मग यंत्राची.

सोन्याच्या तारांनी मढवलेल्या वस्त्राचा उल्लेख ऋग्वेदापर्यंत मागे जातो. तेथे वरुणाने सुवर्णमय द्रापि परिधान केल्याचे वर्णन आहे. मराठी मनाला मात्र जरी म्हटली की आठवतो तो जरीपटका, आठवतात दरबारात दिले जाणारे शिरपाव आणि मानाचे पोशाख, आणि ते वस्त्रभांडार जतन करणारा जामदारखाना. येवल्याच्या पैठणीचा पदर हे त्याच वैभवाचे आजवर टिकलेले अंग आहे. धातूची ही तार होते कशी, हे पाहण्यासारखे आहे. रुप्याची कांब क्रमाक्रमाने लहान होत जाणाऱ्या छिद्रांतून ओढून ओढून केसासारखी बारीक तार काढणे, ही तारकशी. ती तार दोन गुळगुळीत रुळांमधून दाबून चपटी करणे, हा बादला. आणि तो चपटा बादला रेशमाच्या किंवा सुताच्या गाभ्यावर वेटोळ्या-वेटोळ्यांनी असा गुंडाळणे की आतला गाभा दिसू नये, हे कलाबतू किंवा कसब. ह्या क्रमात सोन्याचा अंश पूर्वी रुप्याच्या कांबीवरच चढवला जाई. अलीकडे गुंडाळणी झाल्यावर विजेच्या साहाय्याने त्याचा मुलामा देतात. ह्या व्यवसायाचे भारतातील मोठे केंद्र सुरत हे आहे आणि दक्षिणेतल्या कित्येक मागांवरची जरी तेथूनच येते.

वाचकाने येथे क्षणभर थांबून ह्या वस्तूची रचना डोळ्यांपुढे आणावी. गाभा मऊ आहे, ताण सोसणारा आहे. कवच धातूचे आहे, त्याला लवचिकता अल्प आहे. आणि त्या दोहोंना एकत्र धरून ठेवणारे काहीही नाही, फक्त वेटोळ्याचा आवळपणा आहे. गाभा आणि कवच ह्यांपैकी एक थोडे सरकले आणि दुसरे जागेवर राहिले की जरीची जरी उरत नाही. पुढे जे जे घडते त्याचे बीज ह्या एका गोष्टीत आहे.

म्हैसूरच्या रेशमाचा इतिहास टिपू सुलतानाच्या कारकीर्दीत, म्हणजे अठराव्या शतकाच्या अखेरीस, रेशमाच्या किड्यांची जोपासना ह्या मुलखात रुजवली गेली तेथपासून सांगण्याची प्रथा आहे. जमशेटजी टाटांनी बंगळूर येथे जपानी तज्ज्ञांच्या साहाय्याने रेशमाचे प्रायोगिक शेत उभारले, तोही ह्याच परंपरेतला टप्पा. विणकामाचा सरकारी कारखाना मात्र नाल्वडी कृष्णराज वडियार ह्यांनी १९१२ साली स्थापन केला. राजघराण्याची वस्त्रे आणि लष्कराच्या गणवेशांसाठी लागणारे शोभिवंत कापड ही त्याची पहिली कामगिरी होती. त्या वर्षी संस्थानाच्या दिवाणपदावर होते टी. आनंदराव, म्हणजे तंजावरच्या मराठी परंपरेतले विख्यात मुत्सद्दी राजा सर टी. माधवराव ह्यांचे चिरंजीव. आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात त्यांच्या जागी आले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या, ज्यांचे अभियांत्रिकीचे शिक्षण पुण्यास झाले होते आणि ज्यांच्या नोकरीची उमेदीची वर्षे मुंबई इलाख्यात गेली होती. स्वातंत्र्यानंतर हा कारखाना राज्याच्या रेशीम खात्याकडे गेला आणि १९८० साली रेशीम उद्योग महामंडळाच्या स्वाधीन झाला. कोशांपासून रेशीम काढण्याचे काम टी. नरसीपूर येथे होते आणि विणकाम म्हैसुरास. येथे वापरल्या जाणाऱ्या जरीत शंभर भागांत ६५ भाग रुपे आणि ०.६५ भाग सोने असते, असे महामंडळ जाहीर करते. म्हणजे एखाद्या साडीत समजा वीस ग्रॅम जरी विणली गेली तर तिच्यात तेरा ग्रॅम रुपे आणि ग्रॅमच्या आठव्या हिश्शाइतके सोने भरेल. सोन्याचा हा अंश वरवर पाहता अत्यल्प वाटतो, परंतु तेवढ्याच्या बळावर तो काठ पिढ्या ओलांडतो, हे ज्यांनी आजीची साडी नातीच्या अंगावर पाहिली आहे त्यांना सांगावयास नको.

मराठी वाचकास ह्या शहराशी आपलेपणा वाटावा असे आणखीही एक कारण आहे. म्हैसूर संस्थानातील जमाखर्चाची दप्तरे एके काळी कानडीबरोबर मराठीतही लिहिली जात. आणि शिवण व रंगकाम हा ज्यांचा परंपरागत व्यवसाय, त्या भावसार क्षत्रिय आणि नामदेव शिंपी समाजांची कर्नाटकातील असंख्य कुटुंबे आजही घरात मराठी बोलतात. संत नामदेवांचे नाव धारण करणाऱ्या समाजाने सुई-दोऱ्याची विद्या कावेरीच्या खोऱ्यापर्यंत आणली, आणि ज्या रेशमाचा काठ सुरतेच्या जरीने उजळतो त्याच्यावर टाका घालण्याचे काम मराठी बोलणाऱ्या हातांनीही केले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

आता यंत्राकडे वळू. मागावर जरी जेव्हा बाण्यात असते तेव्हा धोटा तिला ताण्यामधून एकदाच नेतो आणि फणीच्या ठोक्याने ती जागी बसते. ती ताण्यात असली तर वईच्या डोळ्यातून आणि फणीतून हळूहळू पुढे सरकते. दोन्ही प्रसंगी तिचा मार्ग जवळजवळ सरळ असतो आणि एकदा बसल्यावर तिला कोणी मागे ओढत नाही. शिलाई यंत्राचा कारभार ह्याच्या अगदी उलट आहे. एलियास हाऊ ह्याने १८४६ साली ज्या टाक्याचे पेटंट घेतले आणि आयझॅक सिंगर ह्याच्या १८५१ सालच्या यंत्राने ज्याचा घरोघर प्रसार होण्यास वाट करून दिली, तो दोन दोऱ्यांचा टाका असा पडतो: सुई वरचा दोरा घेऊन कापडाखाली जाते, किंचित वर येताच तिच्या पाठीशी दोऱ्याचा लहानसा फासा तयार होतो, शटलचे टोक तो फासा पकडते, त्यास मोठा करून बॉबिनच्या पेटीवरून संपूर्ण फिरवून आणते, आणि मग वरची दांडी तो सारा दोरा पुन्हा वर खेचून टाका आवळते. बॉबिनची पेटी दोन सेंटिमीटरहून अधिक रुंद असल्याने तिला वळसा घालण्यास कित्येक सेंटिमीटर दोरा खाली उतरवावा लागतो. परंतु नेहमीच्या शिवणीत प्रत्यक्ष टाक्यात खर्ची पडतो तो सुमारे तीन मिलिमीटर. उरलेला सर्व दोरा सुईच्या नेढ्यातून परत वर जातो आणि पुढच्या टाक्यास पुन्हा खाली येतो. ह्याचा हिशेब मांडला असता असे आढळते की दोऱ्याचा प्रत्येक बिंदू कापडात कायमचा बसण्यापूर्वी विसाहून अधिक वेळा नेढ्यातून खालीवर घासला जातो. घरगुती यंत्र मिनिटाला सात-आठशे टाके घालते, म्हणजे सेकंदाला बारा-तेरा वेळा हा हिसका बसतो.

सुती दोरा हे सारे सहन करतो, कारण त्याचे तंतू अंतर्बाह्य एकच आहेत. वरचा थर झिजला तरी आतला तोच असतो. जरीच्या दोऱ्याचे तसे नाही. नेढ्याची कड कवचास मागे लोटते, गाभा मात्र पुढे सरकतो. वेटोळी एका जागी दाटतात आणि दुसऱ्या जागी गाभा उघडा पडतो. दाटलेला गोळा नेढ्यात मावत नाही. आणि त्या क्षणी दांडीचा हिसका बसला की दोरा तुटतो. सुईपाशी साठणारा तो पिवळा बोळा हाच. त्यात भर म्हणून औद्योगिक यंत्रांत अतिवेगाने सुई दोनशे अंशांच्याही वर तापते, आणि आजच्या बहुतेक यंत्रजरीचे कवच ज्या पॉलिएस्टरच्या पापुद्र्याचे असते तो अडीचशे अंशांच्या सुमारास वितळतो. तेव्हा तेथे झिजण्याबरोबर मऊ पडण्याचेही भय असते.

यंत्रजरी म्हणजे काय हेही येथेच सांगितले पाहिजे. बाजारात आज शिवणासाठी जो चकाकणारा दोरा रिळावर मिळतो, त्यात सोने नाही आणि रुपेही नाही. १९४६ साली अमेरिकेत ल्युरेक्स ह्या नावाने अॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्याचा, दोन पारदर्शक थरांमध्ये बंद केलेला आणि नंतर अरुंद पट्ट्यांत कापलेला तंतू विक्रीस आला. पुढे पॉलिएस्टरचा पापुद्रा उपलब्ध झाल्यावर निर्वात पेटीत त्यावर अॅल्युमिनियमची वाफ बसवण्याची रीत रूढ झाली. ह्याचे दोन प्रकार शिवणाऱ्याच्या हाती येतात. एक, नुसता चपटा पापुद्रा, जो उजेडात आरशासारखा चमकतो. दुसरा, नायलॉनच्या किंवा पॉलिएस्टरच्या गाभ्यावर तो पापुद्रा गुंडाळलेला, म्हणजे कलाबतूचीच रचना, फक्त रुप्याच्या जागी प्लास्टिकचा झगमगता देह. पहिला प्रकार पीळ पडला की निरुपयोगी होतो. दुसरा घासला गेला की. म्हणून दोघांचे उपाय थोडे निराळे आहेत, आणि दुकानातून दोरा घेताना तो नखाने किंचित उकलून कोणत्या जातीचा आहे हे पाहणे अगत्याचे आहे.

पहिली तजवीज सुईची. नेहमीच्या शिवणाची सुई येथे उपयोगी नाही. जिचे नेढे लांबट आणि मोठे आहे आणि जिच्या अंगावरची खोबण खोल आहे अशी, मेटॅलिक किंवा टॉपस्टिच ह्या नावाने मिळणारी, चौदा नंबरची सुई घ्यावी. मोठे नेढे असल्याने दोरा त्याच्या कडेस कमी चिकटतो आणि खोल खोबणीत तो कापडातून जाताना सुरक्षित राहतो. ही सुई नवी असावी, आणि बोटाच्या नखावरून तिचे टोक ओढून पाहिले असता कोठेही खरखर लागू नये; अदृश्य अशी एक बारीक धार अख्ख्या रिळाची नासाडी करू शकते.

दुसरी तजवीज रिळाची, आणि माझ्या अनुभवाने हीच सर्वांत अधिक दुर्लक्षिली जाते. आडव्या खुंटीवर ठेवलेल्या रिळाच्या टोकावरून दोरा उपसला जातो तेव्हा प्रत्येक वेढ्यामागे त्यास एक पीळ पडतो. सुती दोऱ्यास ह्याचे काही वाटत नाही, परंतु चपटा पापुद्रा वळून दोरीसारखा होतो, त्याची चमक तुटक दिसू लागते, आणि गुंडाळलेल्या जातीत तो पीळ वेटोळ्याच्या विरुद्ध दिशेचा असल्यास कवच सैल होते, त्याच दिशेचा असल्यास दोरा स्वतःभोवती आवळून गाठी मारतो. ज्या रिळावर दोरा एकावर एक सरळ गुंडाळलेला असेल ते उभ्या खुंटीवर ठेवून, रीळ स्वतः फिरेल आणि दोरा कडेने निघेल अशी व्यवस्था करावी. शंकूच्या आकाराच्या कोनावरून दोरा वरूनच निघतो, त्यास यंत्रापासून हातभर दूर मागे ठेवावे, म्हणजे मार्गात पीळ उलगडण्यास अवकाश मिळतो. फार निसरडा दोरा आपसूक ढळून येत असेल तर रिळावर जाळीची पिशवी चढवावी.

तिसरी गोष्ट ताणाची. वरच्या दोऱ्याचा ताण जितका सैल करता येईल तितका करावा. चाकावर चार हा नेहमीचा आकडा असेल तर दोनवर, कधी एकवर यावे, आणि चिंधीवर तो ताडून पाहावा. खाली बॉबिनमध्ये जरीचाच दोरा भरण्याचा मोह आवरावा. तेथे बारीक, गुळगुळीत, साधा दोरा असावा, कारण दोन खडबडीत दोरे एकमेकांना गुंतले की दोघांचीही हानी होते. टाका लांब घ्यावा, तीन ते चार मिलिमीटर, म्हणजे तेवढ्याच अंतरात दोऱ्याच्या फेऱ्या कमी होतात. वेग मंद ठेवावा. ह्या शेवटच्या गोष्टीचा आग्रह धरण्यास मी कचरत नाही: गर्दीच्या दिवसांत मंद चालणे शिवणाऱ्यास परवडत नाही असे म्हटले जाते, परंतु चार वेळा तुटलेला दोरा पुन्हा ओवण्यात, अर्धवट नक्षी उसवण्यात आणि रेशमावर उमटलेली सुईची छिद्रे झाकण्यात जाणारा वेळ हिशेबात धरला तर संथ चाल हीच खरी काटकसर ठरते. संगणकाने चालणाऱ्या भरतकामाच्या यंत्रासही हाच नियम लागू आहे. तेथे आणखी एवढे करावे की नक्षीचा भराव दाट ठेवू नये, आधी साध्या रंगीत दोऱ्याने तळ भरून घ्यावा आणि जरीचा दोरा फक्त शेवटच्या थरात वापरावा, कारण दाट भरावात प्रत्येक नवा टाका आधीच्या जरीस टोचून कापतो.

हे सर्व उपाय यंत्राच्या घर्षणाशी तडजोड करणारे आहेत. परंतु घर्षणाचा प्रश्नच न उद्भवू देणारा एक मार्ग आहे, आणि तो आपल्या जुन्या कारागिरांना यंत्राच्या जन्मापूर्वी कित्येक शतके ठाऊक होता. जरदोजीचा कारागीर जाड जरीस कापडाच्या आरपार नेतच नाही. तो ती कापडावर नक्षीप्रमाणे अंथरतो आणि बारीक रेशमाच्या दोऱ्याने तिला जागोजाग बांधून टाकतो. पालखीतल्या मानकऱ्यास भोयांनी वाहून न्यावे त्याप्रमाणे जरी वर विराजमान राहते आणि छेद-भेदाचे सारे श्रम साधा टाका करतो. यंत्रावर हीच रीत दोन प्रकारे साधता येते. एक म्हणजे जरीचा गोफ किंवा जाड कसब कापडावर ठेवून त्यावरून अदृश्य, पारदर्शक नायलॉनच्या दोऱ्याने नागमोडी शिवण चालवणे. टाक्याची रुंदी कसबाच्या दोन्ही बाजूंस जेमतेम पुरेल एवढीच असावी, म्हणजे सुई कसबास न भेदता त्याच्या अलीकडे आणि पलीकडे पडते. रुप्याची अस्सल जरी यंत्राने लावायची असेल तर माझ्या मते हाच मार्ग धरावा. तिला सुईत ओवण्याचा अट्टाहास करणे म्हणजे तिचे कवच जाणूनबुजून सोलणे होय.

दुसरी रीत बॉबिनची. बॉबिनमधला दोरा कधीच नेढ्यातून जात नाही, खालीवर हिसके खात नाही. तो पेटीच्या पातळ पोलादी पट्टीखालून सरळ निघतो आणि टाक्यात बसतो. तेव्हा सुईला जो दोरा झेपत नाही तो बॉबिनवर हाताने हळूच भरावा, पेटीचा लहान स्क्रू थोडा सैल करावा, वर साधा दोरा ओवावा, नक्षी कापडाच्या उलट्या बाजूवर आखून घ्यावी आणि कापड पालथे ठेवून शिवावे. सुलट्या बाजूस जरी उठून दिसते. शिवताना आपण काय करीत आहोत ते दिसत नाही, ही ह्या रीतीची उणीव आहे, परंतु आखणी नेटकी असेल तर हाताला लवकरच विश्वास येतो. ह्या कामासाठी एक वेगळी बॉबिनची पेटी विकत घेऊन ठेवणे श्रेयस्कर, म्हणजे नेहमीच्या पेटीचा ताण बिघडत नाही. पेट्यांची किंमत तुटलेल्या जरीच्या मानाने काहीच नाही.

म्हैसूरच्या दसऱ्यास सयाजीराव रस्त्यावरून जी मिरवणूक निघते, तिच्यात हत्तींच्या झुली आणि मानकऱ्यांचे पेटे ह्यांवर जी जरी झळकते, ती पाहताना सुईत ओवलेल्या आणि वरून बांधलेल्या जरीतला हा भेद लक्षात ठेवण्यासारखा आहे. समारंभात पाहुण्यांच्या मस्तकी चढवल्या जाणाऱ्या म्हैसूर पेट्याचा काठ आज बहुधा तयार जरीपट्टीचा असतो. जरीपट्टी मागावर विणलेली असते आणि यंत्राने फक्त तिच्या सुती किंवा रेशमी कडेवरून शिवण जाते. धातूस मागाने सांभाळावे आणि सुईने त्याच्या कडेकडेने चालावे, ही विभागणी तेथे सहज पाळली गेली आहे.

ह्याच न्यायाने साडीच्या काठाचेही रक्षण करता येते. महामंडळाच्या साडीतील रेशीम मुरड घातलेल्या, म्हणजे क्रेपच्या, सुताचे असते. ते अंगावर उत्तम झुलते, परंतु बोथट सुईने त्याचे तंतू ओढले जाऊन रेघ उमटते, आणि काठावर बोथट सुई पडली तर बादल्याचा चपटा पापुद्राच तुटतो. रुप्याचा तुटलेला पापुद्रा मग टोचतो आणि उकलत जातो. म्हणून फॉल लावताना यंत्राची शिवण काठावरून नेऊ नये. फॉल हाताने, जरीच्या पट्टीस वगळून, रेशमाच्या भागावर घातलेल्या बारीक टाक्यांनी जोडावा. ब्लाउजात साडीचाच काठ लावायचा असेल तर अकरा नंबरची नवी धारदार सुई घेऊन, एकदाच शिवण घालावी. उसवून पुन्हा शिवण्याची वेळ येऊ देऊ नये, कारण रेशमातली छिद्रे काही अंशी मिटतात पण धातूतली मिटत नाहीत. इस्त्री उलट्या बाजूने, मध्ये मलमलचा तुकडा ठेवून फिरवावी. यंत्रजरीवर तर तापलेली इस्त्री ठेवूच नये, तिचा पापुद्रा आक्रसून सुरकुततो. अस्सल रुप्याची जरी हवेतील गंधकाने काळवंडते, तेव्हा साडी प्लास्टिकमध्ये न गुंडाळता सुती कापडात ठेवावी, वर्षातून दोनदा घडी बदलावी, आणि अत्तर अंगावर लावून वाळल्यावर मगच साडी नेसावी.

ह्या सर्व गोष्टी शिवणाच्या वर्गांत क्वचितच शिकवल्या जातात; विद्यार्थिनी बेतणे आणि कापणे शिकतात, परंतु दोऱ्याची घडण शिकत नाहीत, आणि जरी तुटली की आपल्या हातात कसूर आहे असे समजून खिन्न होतात. महामंडळ प्रत्येक साडीसोबत तिच्या अस्सलपणाचा दाखला देते. त्या दाखल्याबरोबर शिवणाऱ्यासाठीही एक छोटी चिठ्ठी दिली जावी, कानडीत, तमिळमध्ये आणि मराठीतही, कारण ह्या साड्या महाराष्ट्रातल्या लग्नघरांतही मानाने नेसल्या जातात. चिठ्ठीत फक्त एवढेच असावे: फॉल हाताने लावा, काठावर सुई नवी आणि बारीक वापरा, शिवण एकदाच घाला, अस्सल जरी सुईत ओवू नका, आणि यंत्रजरी वापरल्यास रीळ उभे ठेवून यंत्र सावकाश चालवा.